ब्लिदाच्या वॉर्डातले डॉक्टर फॅनन

१९५३ चा नोव्हेंबर महिना. अल्जीरियातल्या ब्लिदा या गावच्या मनोरुग्णालयात २८ वर्षांचे एक नवे डॉक्टर विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. राजधानी अल्जियर्सपासून साधारण ४५ किलोमीटरवरचं हे रुग्णालय फ्रेंच सरकारनं बांधलेलं. आवार प्रशस्त, पण वॉर्ड क्षमतेपेक्षा जास्त भरलेले. सरकारी रुग्णालय म्हटल्यावर याचं कुणाला नवल वाटू नये. नवल होतं ते वॉर्डांच्या वाटणीचं. युरोपीय रुग्ण एकीकडे आणि इथले मूळचे मुस्लिम रुग्ण दुसरीकडे. नव्या डॉक्टरांच्या वाट्याला १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष आले. ते स्वतः यातल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हते. नागरिकत्व फ्रेंच, कातडी काळी आणि जन्म अटलांटिकच्या पलीकडे, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. नाव फ्रान्झ फॅनन.

वसाहतवादाविरुद्ध लिहिणारे विचारवंत म्हणून फॅनन यांचं नाव जगभर घेतलं जातं. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेच्या संस्थापकांनी त्यांची पुस्तकं वाचली होती. याच संघटनेवरून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण फॅनन पेशानं मनोविकारतज्ज्ञ होते, आणि त्यांच्या राजकारणाचा मोठा भाग रुग्णाच्या खाटेपाशी घडला. त्यांच्या चरित्रातली ही बाजू जरा मागेच राहते.

त्यांचा जन्म २० जुलै १९२५ चा, मार्टिनिक बेटावरच्या फोर-द-फ्रान्स या शहरातला. वडील कस्टम खात्यात नोकरीला, आईचं छोटं दुकान. घर खाऊनपिऊन सुखी. आठ भावंडं. मार्टिनिकमधल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून ऊसाच्या मळ्यांवर आणलेले. गुलामगिरी १८४८ मध्ये संपली होती. पण घराघरांतून मुलांना शिकवलं जायचं ते हेच, की आपण फ्रेंच आहोत. घरची बोली क्रिओल. ती चारचौघांत बोलणं कमीपणाचं. चांगल्या घरच्या मुलानं फ्रेंच बोलावं, तेही पॅरिसच्या उच्चारांत. शाळेच्या पुस्तकात पूर्वज म्हणून गॉल लोकांचं वर्णन, आणि ते वाचणारी सगळी मुलं काळी. आपली भाषा कमी प्रतीची आहे हे मुलाला कुणी मुद्दाम बसून शिकवावं लागत नाही. ते आईच्या डोळे वटारण्यातून आपोआप उतरतं. फॅनन यांनी पुढे हे सगळं लिहून ठेवलं.

शहरातल्या शाळेत कवी एमे सेझेर शिकवत. काळं असणं ही लाज वाटून घेण्याची गोष्ट नाही, असं त्या बेटावर उघडपणे म्हणणारा हा पहिला मोठा माणूस. तरुण फॅनन यांच्यावर त्यांचा खोल परिणाम झाला.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स हिटलरपुढे पडला आणि मार्टिनिक जर्मनीधार्जिण्या विशी सरकारच्या ताब्यात गेलं. नाकेबंदीमुळे हजारो गोरे फ्रेंच खलाशी बेटावर अडकून पडले. त्यांच्या अरेरावीनं बेटावरच्या लोकांना पहिल्यांदाच कळलं, की आपण स्वतःला कितीही फ्रेंच मानलं तरी समोरच्याच्या लेखी आपण कोण आहोत. तरीही १९४३ मध्ये भावाच्या लग्नाच्या दिवशी १७ वर्षांचा फ्रान्झ घरातून निसटला आणि होडीनं शेजारच्या डॉमिनिका बेटावर गेला. त्याला द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात जायचं होतं. तो प्रयत्न फसला, पण पुढच्या वर्षी तो रीतसर भरती होऊन उत्तर आफ्रिकेत पोहोचला.

त्या सैन्यातही उतरंड होती. सर्वांत वर गोरे, मध्ये कॅरिबियन बेटांवरचे काळे, सर्वांत खाली आफ्रिकेतले सेनेगाली शिपाई. नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या लढाईत मॉर्टरच्या तुकड्यांनी फॅनन जखमी झाले. त्यांना शौर्यपदक मिळालं. त्या प्रशस्तिपत्रावर सही होती राऊल सालाँ या कर्नलची. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. फ्रान्स मुक्त झाल्यावर विजयाचे नाच-समारंभ झाले, त्यात काळ्या सैनिकांबरोबर नाचायला मुली तयार नसत. ज्यांच्यासाठी रक्त सांडलं त्यांना आपली किंमत नाही, आपण फसलो, अशा अर्थाचं पत्र त्यांनी घरी पाठवलं. वय १९.

युद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाची सवलत होती. फॅनन पॅरिसला दंतवैद्यक शिकायला गेले, काही आठवड्यांतच कंटाळले आणि ल्योनला जाऊन वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तिथे शेकडो विद्यार्थ्यांत काळे मोजकेच. वैद्यकाबरोबर ते तत्त्वज्ञानाच्या वर्गांनाही जाऊन बसत.

याच काळातला एक प्रसंग त्यांच्या पहिल्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. एक लहान गोरं मूल त्यांच्याकडे बोट दाखवतं आणि भीती वाटते म्हणून आईला बिलगतं. बस, एवढंच. मारहाण नाही, शिवी नाही. पण त्या क्षणी आपलं शरीर आपलं न राहता दुसऱ्याच्या नजरेतली एक वस्तू झालं, असं त्यांना जाणवलं. त्या नजरेत जंगल होतं, नरभक्षक होते, गुलामांची जहाजं होती. फक्त वैद्यकाचा विद्यार्थी फॅनन नव्हता. अवमानाचा घाव शरीरावर न उमटताही शरीराला कसा कळतो, याचं इतकं अचूक निदान त्याआधी क्वचितच कुणी केलं असेल.

न्यूनगंड हा शब्द तोवर मानसशास्त्रात रुळलेला होता. ऑस्ट्रियाचे आल्फ्रेड अॅडलर यांनी त्याचं मूळ माणसाच्या बालपणात शोधलं होतं. फॅनन यांचं म्हणणं असं, की मार्टिनिकमधल्या काळ्या माणसाचा न्यूनगंड त्याच्या घरात तपासून भागणार नाही. अख्खा समाजच जर रोज त्याला कमी लेखत असेल, तर तो गंड समाजानं त्याच्या कातडीत भरलेला असतो. उपचार करायचा तर दोन्हींवर करावा लागेल, माणसावर आणि व्यवस्थेवर.

मादागास्करमधल्या स्वप्नांचं उदाहरण त्यांनी घेतलं, ते तर कुठल्याही मानसोपचाराच्या वर्गात सांगावं असं. ऑक्टाव्ह मानोनी या फ्रेंच लेखकानं मादागास्करच्या लोकांची स्वप्नं गोळा केली होती. त्यात माग काढणारे काळे बैल, बंदूकधारी सेनेगाली शिपाई वारंवार दिसत. मानोनी यांनी फ्रॉइडच्या पद्धतीनं बंदुकीत लैंगिक प्रतीक पाहिलं. शिवाय या लोकांना परावलंबनाची मानसिक गरजच आहे, म्हणून वसाहत तिथे रुजली, असा सिद्धांतही मांडला. फॅनन यांनी तारखा पाहिल्या. १९४७ मध्ये मादागास्करमध्ये उठाव झाला होता, फ्रेंचांनी तो चिरडताना हजारो माणसं मारली होती आणि त्या कामाला सेनेगाली शिपाई वापरले होते. स्वप्नातली बंदूक ही आधी खरीखुरी बंदूक आहे, हे डॉक्टरांना दिसू नये, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

हेच लिखाण त्यांनी पदवीसाठीचा प्रबंध म्हणून द्यायचं ठरवलं होतं. विभागानं ते नाकारलं. मग त्यांनी निमूटपणे फ्रीडराइख अॅटॅक्सिया हा विषय घेतला. हा आनुवंशिक आजार. यात मज्जारज्जू आणि लहान मेंदूची झीज होते, चालताना तोल जातो. १९५१ मध्ये हा प्रबंध मान्य झाला. पण या साध्यासुध्या दिसणाऱ्या विषयातही त्यांनी आपला मुद्दा घुसवलाच होता. मज्जासंस्थेतला बिघाड एकच असला तरी रुग्णारुग्णांत मनाचे आजार वेगवेगळे का दिसतात, असं त्यांनी विचारलं. म्हणजे नस कुठे बिघडली हे कळलं म्हणून माणूस कळला असं होत नाही. नाकारलेलं लिखाण १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आलं. ‘काळी कातडी, गोरे मुखवटे’ असा त्याच्या नावाचा अर्थ.

त्याच वर्षी एका मासिकात त्यांचा एक लेख आला. डॉक्टरांनी वाचावा असा त्यांचा एकच लेख निवडायचा झाला तर हाच. विषय होता ल्योनमधले उत्तर आफ्रिकी मजूर. हे लोक रुग्णालयात येत आणि दुखतं म्हणून सांगत. कुठे दुखतं? सगळीकडे. कधीपासून? नीट सांगता येत नाही. तपासण्या कराव्यात तर काही सापडत नाही. मग डॉक्टरांचं निदान ठरलेलं: हा सोंग करतोय, कामचुकार आहे. या निदानाला रुग्णालयात गमतीनं एक नावही पडलं होतं, उत्तर आफ्रिकी सिंड्रोम. रुग्ण दारातून आत येण्याआधीच त्याचं निदान झालेलं असे.

फॅनन यांनी या माणसाची साधी माहिती घेतली. तो राहतो कुठे? एका खोलीत अनेक जण, थंडीत. बायको-मुलं समुद्रापलीकडे. काम आज आहे, उद्याचा भरवसा नाही. रस्त्यात पोलीस अडवणार, दुकानात कुणी नीट बोलणार नाही. फ्रेंचमध्येही मराठीसारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे. अनोळखी प्रौढ माणसाला ‘तुम्ही’ म्हणायची रीत; पण अरब मजूर समोर आला की डॉक्टर आणि परिचारिका सरळ अरे-तुरेवर येत, शिवाय लहान मुलाशी बोलावं तशी तोडकीमोडकी भाषा वापरत. अशा माणसाला शरीराचा कुठला एक भाग दुखतो हे कसं सांगता यावं? त्याचं जगणंच दुखत होतं. एक्स-रेवर ते दिसत नव्हतं, इतकंच.

पुढे दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या सँ-अल्बाँ रुग्णालयात त्यांनी फ्रान्स्वा तोस्केल यांच्या हाताखाली काम केलं. स्पेनमधल्या फ्रँकोच्या राजवटीतून निसटून आलेले हे डॉक्टर. तोस्केल यांचं म्हणणं असं, की आधी रुग्णालयावर उपचार करा, मग रुग्णावर. रुग्ण आणि कर्मचारी मिळून बैठका घेत, कामं वाटून घेत, वर्तमानपत्र काढत. मात्र तिथे औषधोपचारांना फाटा दिलेला नव्हता. विजेचे झटके, इन्शुलिननं आणलेली बेशुद्धी असे त्या काळातले उपचारही चालत, आणि फॅनन यांनी ते पुढेही वापरले. त्यांना औषधविरोधी संत करून टाकणं बरोबर होणार नाही. झटक्यातून जागा झालेल्या रुग्णाच्या आजूबाजूला माणसांचं जग असायला हवं, असा त्यांचा आग्रह होता.

ही शिदोरी घेऊन ते ब्लिदाला पोहोचले. अल्जीरियात १८३० पासून फ्रेंच सत्ता होती. सुमारे दहा लाख युरोपीय आणि त्यांच्या आठ-नऊ पट मुस्लिम. जमीन, नोकऱ्या, शाळा बहुतेक युरोपीयांकडे. आणि या व्यवस्थेला शास्त्राचा आधार देणारे मनोविकारतज्ज्ञही होते. अल्जियर्स विद्यापीठातले प्राध्यापक आंत्वान पोरो आणि त्यांचे शिष्य गेली तीन दशकं शिकवत आले होते, की उत्तर आफ्रिकी मुस्लिम हा जन्मतःच आदिम मनाचा असतो. तो भोळसट, खोटारडा आणि कारणाशिवाय हिंसक असतो. त्याच्यात मेंदूच्या वरच्या थराचं नियंत्रण कमी असतं. नैरोबीच्या मनोरुग्णालयात काम केलेले जे. सी. कॅरोदर्स याहून पुढे गेले. सामान्य आफ्रिकी माणसाचं वागणं मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय रुग्णासारखं असतं, असं साम्य त्यांनी दाखवलं. हे पुस्तक १९५३ मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसिद्ध केलं होतं. ही मतं कुठल्या चावडीवरची नव्हती. ती पाठ्यपुस्तकांत होती, परीक्षेत विचारली जात होती, न्यायालयात तज्ज्ञांची साक्ष म्हणून वापरली जात होती.

फॅनन यांनी दोन्ही वॉर्डांत तोस्केल यांची पद्धत सुरू केली. आठवड्याच्या बैठका, नाताळचा समारंभ, सिनेमा, गाणी, हस्तकला, रुग्णालयाचं छोटं वर्तमानपत्र. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात काही महिन्यांतच फरक दिसला. बायका बोलायला लागल्या, कामं अंगावर घेऊ लागल्या, वॉर्डातला गोंगाट आणि बांधून ठेवणं कमी झालं.

मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात काहीही झालं नाही. बैठकीला माणसं गप्प बसत किंवा उठून जात. वेतकाम करायला कुणी हात लावेना. सिनेमा सुरू असताना लक्ष नसे. हळूहळू कर्मचारीही कंटाळले आणि जुन्या शिस्तीवर, शिक्षेवर परतले. इथे वर्षानुवर्षं काढा म्हणजे तुम्हालाही कळेल, असं जुनेजाणते परिचारक नव्या डॉक्टरांना सुचवू लागले. पोरो यांची शिकवण खरी ठरवायला एवढा पुरावा पुरेसा होता. एकच डॉक्टर, एकच पद्धत, एकच रुग्णालय. एका वॉर्डात यश, दुसऱ्यात शून्य. म्हणजे दोष रुग्णांच्या मेंदूत, असा सरळ हिशेब कुणीही मांडला असता.

फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जाक आझुले यांनी वेगळा हिशेब मांडला. १९५४ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात हा अपयशाचा अहवाल छापला, आणि चूक आपली आहे असं स्वच्छ लिहिलं. वर्णभेदाविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरनंच नकळत असं गृहीत धरलं होतं, की युरोपीय माणसाला जे बरं करतं ते सगळ्यांना बरं करेल. अल्जीरियनांनी फ्रेंच व्हावं म्हणणारं सरकार आणि नाताळ साजरा करायला लावणारा हा वॉर्ड, दोन्हींची जातकुळी एकच होती.

मग त्यांनी एकेक गोष्ट तपासली. नाताळ या लोकांचा सण नव्हता. वेतकाम हे त्यांच्याकडे बायकांचं काम. समूहगान किंवा नाटक करायचं ते फिरत्या कलावंतांनी. घरंदाज माणूस चारचौघांत उभा राहून गात नाही. बहुतेक रुग्ण शेतमजूर आणि भूमिहीन, वाचता येणारे फार थोडे; त्यांना वर्तमानपत्राचं काय? आणि भाषा. फॅनन यांना ना अरबी येत होती ना कबाइली. सगळं दुभाष्यामार्फत. या रुग्णांनी दुभाष्या आजवर पाहिला होता तो पोलीस चौकीत, कचेरीत, कोर्टात. डॉक्टरांच्या शेजारी दुभाष्या उभा राहिला, की रुग्णाच्या दृष्टीनं तपासणीची चौकशी होत असे.

यानंतर वॉर्डाचं रूप बदललं. आवारात गावाकडच्या पद्धतीचा कॉफीचा अड्डा सुरू झाला. तिथे माणसं चटईवर बसत, पत्ते आणि सोंगट्या खेळत. ईदसारखे सण साजरे होऊ लागले. धर्मगुरू प्रार्थनेला येऊ लागले. गावोगाव फिरून कथा सांगणारा कथेकरी बोलावला गेला. मूळच्या शेतकऱ्यांना वेताऐवजी कुदळ मिळाली, मातीत काम मिळालं. फुटबॉलचं मैदान तयार झालं, तेही रुग्णांच्या मेहनतीनं. गप्प बसलेली माणसं बोलू लागली. सगळे बरे झाले असं नाही. स्किझोफ्रेनिया कॉफीनं बरा होत नाही. पण आजार कुठला आणि रुग्णालयानं लादलेला परकेपणा कुठला, हे वेगळं दिसू लागलं.

असाच धडा त्यांना एका प्रसिद्ध मानसशास्त्रीय चाचणीनं दिला. या चाचणीत रुग्णाला चित्रं दाखवून गोष्ट रचायला सांगतात. मुस्लिम स्त्रिया चित्रातल्या वस्तू एकेक करून सांगत, गोष्ट काही जुळत नसे. कल्पनाशक्ती कमी, असा शेरा सहज मारता आला असता. पण चित्रांतली घरं, कपडे, माणसं सगळी पाश्चात्त्य. या संचात एक कार्ड पूर्ण कोरं असतं. ते हातात दिल्यावर त्याच स्त्रियांच्या तोंडून भरभरून गोष्टी निघाल्या. फॅनन आणि शार्ल जेरोनिमी यांनी हा निष्कर्ष १९५६ मध्ये मांडला.

न्यायवैद्यकातलं एक कोडंही त्यांनी असंच सोडवलं. अल्जीरियन आरोपी गुन्ह्याची कबुली देऊन नंतर न्यायालयात ती साफ नाकारतात, यावरून ते स्वभावतःच खोटारडे, असं मानलं जाई. फॅनन आणि लाकातों या सहकाऱ्यानं दाखवलं, की कबुलीला अर्थ येण्यासाठी माणसानं त्या कायद्याला आणि समाजाला आपलं मानलेलं असावं लागतं. ज्या समाजात त्याला कधी घेतलंच नाही, त्याच्यापुढे मन मोकळं कशाला करायचं?

१ नोव्हेंबर १९५४ ला अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि रुग्णालयात वेगळेच रुग्ण येऊ लागले. पोलिसांच्या छळातून सुटलेले अल्जीरियन येत, आणि छळ करणारे पोलीसही. फॅनन दोघांनाही तपासत. एक पोलीस अधिकारी घरी बायको-मुलांना मारू लागला म्हणून आला. नोकरी सोडायची त्याची इच्छा नव्हती. काम शांत चित्तानं करता यावं, एवढीच त्याची मागणी. दुसऱ्या एका तरुण पोलिसाला रात्री किंकाळ्या ऐकू येत. एकदा तो रुग्णालयाच्या आवारात झाडाला टेकून, घामानं डबडबलेला, थरथरताना सापडला. समोरून गेलेला एक रुग्ण त्यानं ओळखला होता. त्याचा त्यानं स्वतः छळ केला होता. इकडे तो रुग्णही वॉर्डातून गायब झाला. शोधल्यावर तो शौचालयात आत्महत्येच्या प्रयत्नात सापडला. पोलीस आपल्याला परत न्यायला आला, असं त्यानं धरलं होतं. हा इथे उपचाराला आला आहे, हे त्याला पटवताना कर्मचाऱ्यांना फार वेळ लागला.

या नोंदी फॅनन यांनी शेवटच्या पुस्तकात दिल्या. आघातानंतरचा तणावविकार हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीत आलं १९८० मध्ये. त्याआधी सुमारे २० वर्षं, भर युद्धात, दोन्ही बाजूंच्या रुग्णांवर लिहिलेल्या या नोंदी आहेत.

दरम्यान फॅनन गुपचूप स्वातंत्र्यलढ्याला मदत करत होते. औषधं, आसरा, जखमींवर उपचार. एका हातानं माणसं बरी करायची आणि त्याच सरकारच्या नोकरीत राहायचं, हे त्यांना अशक्य झालं. १९५६ च्या अखेरीस त्यांनी गव्हर्नरच्या जागी असलेले मंत्री रोबेर लाकोस्त यांना राजीनामा पाठवला. माणसाला त्याच्या परिसरात पुन्हा परकं वाटू नये यासाठी मानसोपचार असतो. पण अल्जीरियन माणूस तर स्वतःच्या देशातच कायमचा परका करून ठेवला आहे, असा त्यातला युक्तिवाद. उत्तर आलं ते हद्दपारीचं. त्याच सुमारास अल्जीरियातल्या फ्रेंच सैन्याची सूत्रं एका नव्या सेनापतीनं हाती घेतली. ते होते राऊल सालाँ, फॅनन यांच्या पदकावर सही करणारे.

फॅनन पत्नी जोसी आणि लहानग्या मुलासह ट्युनिसला गेले. लढ्याच्या मुखपत्रात लिहू लागले, आणि वॉर्डही सुटला नाही. टायफस उवांमुळे पसरतो हे शोधून नोबेल मिळवणारे शार्ल निकोल यांच्या नावाचं तिथे सरकारी रुग्णालय आहे. त्यात १९५८ मध्ये त्यांनी मनोरुग्णांसाठी दिवसाचं रुग्णालय सुरू केलं. सकाळी यायचं, उपचार घ्यायचे, संध्याकाळी घरी. कुलूप नाही. रुग्ण रोज घरच्यांत, बाजारात, भांडणांत परत जातो, म्हणून त्याचा आजार जिथे घडतो तिथेच पाहता येतो, असं त्यांचं म्हणणं. दोनएक वर्षांत सुमारे हजार रुग्ण तिथे उपचार घेऊन गेले, आणि कायम दाखल करण्याची वेळ फारच थोड्यांवर आली.

१९६० मध्ये अल्जीरियाच्या हंगामी सरकारनं त्यांना घानामध्ये राजदूत म्हणून पाठवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वजन घटलं, थकवा जाईना. रक्त तपासलं आणि ल्युकेमिया निघाला. त्या काळात या रोगावर फारसं काही हाती नव्हतं. निदान काय आणि पुढे काय होणार, हे डॉक्टर असल्यानं त्यांना सांगावं लागलं नाही. मॉस्कोतले उपचार घेऊन थोडा उतार पडला, तेवढ्या अवधीत, काही आठवड्यांत त्यांनी शेवटचं पुस्तक तोंडी सांगून पुरं केलं. ‘या भूमीचे शापित’ असा त्याच्या नावाचा अर्थ.

या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणावरून आजही वाद होतात. वसाहतीतल्या माणसानं हाती शस्त्र घेतलं की त्याचा न्यूनगंड धुऊन निघतो, असं त्यांनी तिथे मांडलं. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी डॉक्टर फॅनन यांच्या नोंदी आहेत आणि त्या वेगळंच सांगतात. एका स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशातला लढवय्या दरवर्षी एका ठराविक तारखेच्या सुमारास झोप गमावून बसतो, जीव द्यावासा वाटतो. त्या तारखेला त्यानं पेरलेल्या बॉम्बमध्ये दहा माणसं मेली होती. त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप नव्हता, लढा योग्यच वाटत होता. तरी त्याची झोप परत आली नाही. प्रचारक फॅनन यांनी जे सोडून दिलं, ते डॉक्टर फॅनन यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

रोग उलटल्यावर त्यांना अमेरिकेत नेण्यात आलं. वर्णभेदाचा देश म्हणून त्यांना तिथे जायचं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये हॉटेलात काही दिवस थांबावं लागलं, मग जवळच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात खाट मिळाली. कागदोपत्री नाव होतं इब्राहिम फॅनन. ६ डिसेंबर १९६१ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक नुकतंच छापून आलं होतं आणि पॅरिसमध्ये पोलीस त्याच्या प्रती जप्त करत होते.

आपल्याला अल्जीरियाच्या मातीत पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. शव विमानानं ट्युनिसला आणलं गेलं. तिथून लढ्यातल्या सैनिकांनी ते सीमा ओलांडून अल्जीरियाच्या हद्दीत नेलं आणि युद्ध चालू असतानाच तिथे दफन केलं. सात महिन्यांनी, ५ जुलै १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाला. ब्लिदाचं ते रुग्णालय आजही चालू आहे आणि दारावर फ्रान्झ फॅनन यांचं नाव आहे.